प्लास्टिकातलं यंत्र

रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीपाशी शिवणकामावर घर चालवणारी एक बाई नवऱ्याची फाईल छातीशी धरून उभी होती. तिच्या पुढे निवृत्त मास्तर होते आणि खिडकीत त्यांचाच जुना विद्यार्थी.

“डायलिसिसचं यंत्र येऊन आठ महिने झाले. अजून प्लास्टिकातच?”

“यंत्र केंद्राचं आहे, सर. त्याला शुद्ध पाणी लागतं, ते राज्यानं द्यायचं.”

“मग राज्याला सांगा.”

“सांगून सांगून थकलो. ते म्हणतात, यंत्र ज्याचं त्यानंच पाणी द्यावं. केंद्र म्हणतं, आरोग्य राज्याचा विषय. अधिकारांची विभागणी आहे, सर. तुम्हीच शिकवलंत.”

“काय शिकवलं होतं?”

“‘संघराज्यात दोन्ही सरकारं आपापल्या क्षेत्रात सर्वोच्च असतात.’ अजून तोंडपाठ आहे. पाचपैकी पाच दिले होते तुम्ही.”

“पाच कसले, छड्या द्यायला हव्या होत्या.”

“रागावू नका. काकूंचं नाव वरच आहे यादीत. चौथं.”

“तेच खोडायला आलोय. मंगळवारी गेली ती.”

विद्यार्थ्यानं मान खाली घातली, पट्टी ठेवून नीट रेघ मारली.

“या ताई, पुढे या. तुमच्या यजमानांचा नंबर एकानं वर सरकलाय.”