बाहेरची कडी

…आन् वर मलाच भांडखोर म्हनतेत! मनकर्णा लई तोंडाळ, मनकर्णा दुसऱ्याच्या घरात नाक खुपसती. खुपसते! नाक दिलंय कावून मंग? नुसती तपकीर वढायला?

तुमाला सांगते, आमच्या भिंतीला भिंत बंकटचं घर. घर कसलं, म्हाल! फरशी अशी की वाकून कुंकू लावावं. आन् त्याची आई, दगडाबाई, कुटं? मागं, सरपनाच्या पत्र्याच्या खोपटात. कावून? तर म्हातारी फरशीवर सांडती. आता ह्या वयात हात कापनार न्हाई तर काय ढोलकी वाजवनार? बरं, ठिवली तर ठिवली, दाराला कडी भाईरून! दुपारचा पत्रा असा तापतो की वर पापड भाजावा, आन् आतून म्हातारी ताटली वाजवती, टन् टन् टन्… पानी मागती हो! म्या फटीतून बाटली सरकवली, तर बंकटची बायको अंजली आली फनफनत. "मावशी, आमी काय आत्याबाईला उपाशी मारतोत का? आमच्या घरचा मामला हाय!"

घरचा मामला! मी गेले पोलीस पाटलाकडं. मोहनराव दात कोरीत बसलेले. "मनकर्णाबाई, माय-लेकाचं हाय. आज भांडतील, उद्या गोड व्हतील. घरचा मामला." अवो, भांडायला म्हातारी भाईर तर यावी! नळावर बायांना म्हनलं, तर सगळ्यांच्या घागरी एकदमच भरल्या. "जाते बाई, भाजी करपंल." कुनाची शेळी कोंडून वरडली तर अख्खी वस्ती पळती. शेळी दूध देती ना! म्हातारी काय देती? आशीर्वाद!

मंग आलं खीरदान. वर्षावासात, म्हंजी पावसाळ्याचे तीन म्हैने, आमच्या बुद्धविहारात रोज सांजच्याला ग्रंथवाचन असतंय, आन् पाळीपाळीनं एकेक घर खीर करतंय. त्या दिशी पाळी बंकटची. पठ्ठ्यानं काजू काय, बदाम काय… आन् माईकवर म्हनतो, "ही खीर माझ्या मातोश्रीच्या इच्छेखातर!" मातोश्री! माझ्या डोक्यात असा जाळ झाला म्हनता! आमच्या विहाराची रीत हाय, वस्तीतल्या थोरल्या बाईनं मेनबत्ती लावायची, तवाच वाचन. दगडाबाई येईना झाल्यापासून कुनीबी लावत व्हतं. मी उठले, मेनबत्ती उचलली, पदराखाली घेतली आन् बसले मांडी घालून. "थोरली बाई आल्याबिगर देत न्हाई!"

खिरीवर साय धरली, लेकरं कुरकुरायला लागली, तसा बंकट माईक सोडून आला.

"मावशी, तिला झेपत न्हाई चालायला."

"झेपंल. तू कडी काढ."

"कसली कडी?"

"भाईरून हाय ती!"

आता खिरीच्या वासानं का लाजंनं, देव जानं… आमच्यात देव न्हाई, म्हनून मीच जानते, खिरीच्या वासानंच! त्याच नळावरच्या बाया एकेक बोलाया लागल्या, "व्हय रे बंकट, आन की आईला."

आनली. उजेडात डोळे मिचकावीत, दोन्हीकडून धरून. हात असा थरथरत व्हता की काडीमागून काडी इझली. पर मेनबत्ती पेटली, म्हातारीनं वंदना सुरू केली, आन् तुमाला सांगते, एक शब्द चुकला न्हाई. मागून म्हननाऱ्याच चुकल्या!

म्हनलं, झालं काम. मोहनरावाला म्हनलं, आता इचारा हिलाच, चारचौघांत.

"दगडाबाई, काय तरास हाय का?"

म्हातारीनं आदी बंकटकडं पाहिलं. मंग म्हनली, "न्हाई बापा. कडी म्याच लावाय सांगितली. कुत्रं येतंय आत." आन् पदराखाली माझा हात असा आवळला, असा आवळला… नखं रुतली हो.

मोहनराव हसले, "ऐकलं का मनकर्णाबाई? घरचा मामला!" सगळ्यांनी खीर खाल्ली. म्या बी खाल्ली.

कडी आजबी तितंच हाय. फरक इतकाच, रोज सांजच्याला वाचनाला जाताना मी ती काढते, म्हातारीला हाताला धरून विहारात नेते, वाचन झालं की परत आनून सोडते. आन् बंकट परत कडी लावतो. ताटलीबी वाजती दुपारची, न्हाई असं न्हाई.

काल त्यानं दारातच गाठलं मला, ठावं असून इचारतो, "मावशी, ही कडी रोज कोन काढतंय?"

म्या म्हनलं, "कुत्रं. तुझ्या आईलाच इचार!"