बाईंनी बाक सोडला त्याबाबत

मी, सभागृहाच्या उपाहारगृहाचा ठेकेदार, सगळे अण्णा म्हणतात, वय अठ्ठावन्न, धंदा चहा-नाश्ता, राहणार सभागृहामागच्या गल्लीत, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी फुटपाथवर किटली घेऊन सुरुवात केली. आज आतला ठेका माझ्याकडे आहे. उपाहारगृहाचे दार सभागृहात शेवटच्या बाकामागे उघडते. काल सभापती निवडायचा होता. मतदान गुप्त, पडद्याआड. कोणालाच निम्म्याहून जास्त मते पडली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार गळतो आणि पुन्हा मतदान होते. मध्ये सभासद चहाला येतात. चहा पिताना प्रत्येकाने प्रत्येकाला मत दिलेले असते, म्हणून तर पडदा लागतो.

पहिल्या फेरीत वकीलसाहेब गळाले. "अण्णा, जरा कडक द्या," एवढेच म्हणाले. दुसऱ्या फेरीत बाई निवडून आल्या. त्या पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, बसतात शेवटच्या बाकावर.

निवडून आलेल्याने नको नको म्हणत बाक धरायचा आणि हरलेल्यांपैकी एकाने व एका विरोधकाने त्याला ओढत खुर्चीपर्यंत न्यायचे, हा तिथला जुना रिवाज. कोणी हसत करते, कोणी मन लावून. बाईंनी मन लावून केले. "सोडा हो, मला नाही यायचं," असे त्या मोठ्याने म्हणाल्या. एका हाताला विरोधक होते, दुसऱ्या हाताला हरलेले वकीलसाहेब, तेही जीव खाऊन ओढत होते.

दारावरचा शिपाई कालच बसस्थानकावरून बदलून आला होता. रिवाज त्याला कोणी सांगितला नव्हता. तो धावत आला व म्हणाला, "हात काढा आधी." वकीलसाहेब म्हणाले, "अरे, आम्ही सभासद आहोत." शिपाई म्हणाला, "असाल. स्टँडवर पण सगळे कोणीतरी असतातच." मग त्याने बाईंनाच विचारले, "ताई, तुम्हाला जायचंय का यांच्याबरोबर?"

बाईंनी शिपायाकडे पाहिले आणि बाक सोडला. वकीलसाहेब सगळा जोर लावून ओढत होते, ते मागच्या मागे पायरीवर बसले. चष्मा फुटला तो तेव्हा. शिपायाने त्यांना हात लावला तो उठवायला, त्याआधी नाही.

शिपायाने ढकलले अशी तक्रार असून त्याच्या नोकरीवर बेतले आहे, असे समजते. वकीलसाहेब माझे जुने गिऱ्हाईक आहेत, ठेका देणाऱ्या समितीवरही आहेत. तरी पाहिले ते हेच.

बाई काय म्हणाल्या, असे विचारल्यावरून सांगतो की, त्या म्हणाल्या, "यांच्याबरोबर नाही. पण जायचंय." मग बाही सारखी करून त्या आपल्या पायांनी खुर्चीपर्यंत गेल्या. शिपाई पुढे चालून वाट करून देत होता. बाके वाजवण्यात दोन्ही बाजूंचे लोक होते.

जबाब मला वाचून दाखवला, बोललो तसाच उतरला आहे. शिपाई बाहेर बाकावर बसून आहे. त्याच्यासाठी चहा मागवला आहे, तो द्यायचा सही झाल्यावर, आधी नाही, अशीही नोंद घ्यावी.