काखेत उसवलेला झगा

(न्यू जर्सी, १८०७ सालचा नोव्हेंबर. विधवा हुल्डाबाईंचं स्वयंपाकघर. त्या सुकवायला सफरचंदं चिरतायत. शेजारी राहणारे, लाकडी पिंपं बनवणारे इझ्रा चुलीशी पाय शेकत वर्तमानपत्र वाचून दाखवतायत.)

हुल्डाबाई: परत वाचा. सावकाश.

इझ्रा: तिसऱ्यांदा वाचतोय, बाई. नवा कायदा म्हणतो, यापुढं मत देईल तो स्वतंत्र, गोरा, पुरुष.

हुल्डाबाई: म्हणजे मी बाई म्हणून गेले, आणि सायमन लोहार काळा म्हणून गेला.

इझ्रा: गेला.

हुल्डाबाई: दर ऑक्टोबरला मतदानाच्या रांगेत माझ्यापुढं असायचा. पाय दुखतोय दिसला की जागा द्यायचा बिचारा. एका ओळीत दोघंही निकालात.

इझ्रा: मी काय म्हणतो...

हुल्डाबाई: ठाऊक आहे काय म्हणताय.

इझ्रा: अकरा वर्षं विचारतोय. तुमचं आपलं एकच. लग्न केलं की शेत नवऱ्याचं, आणि शेत गेलं की मतही गेलं. आता मत तसंही गेलं. मग अडलंय कुठं?

हुल्डाबाई: वा! तुमची सोयरीक जमवायला अख्खं विधिमंडळ बसलं म्हणायचं.

इझ्रा: थट्टा नको हो. एकट्यासाठी चूल पेटवायचा कंटाळा आलाय मला.

हुल्डाबाई: मी तरी कुठं ताजीतवानी आहे? दर वर्षी तुमच्याच गाडीतून जायचं, तुम्ही एका पक्षाला, मी दुसऱ्याला, फिट्टंफाट करून घरी यायचं. तरी जायचेच ना मी? ...कारण काय देतायत? तेही वाचा.

इझ्रा: इथं छपाई जरा पुसट आहे.

हुल्डाबाई: इझ्रा.

इझ्रा: ती फेब्रुवारीतली भानगड. न्यायकचेरी आपल्या गावात बांधायची की पलीकडच्या, त्या मतदानातली.

हुल्डाबाई: कोंबड्या धरून तीनशे जीव, आणि मतं पडली अठराशे. तीच ना?

इझ्रा: पलीकडच्या गावात तर म्हणे एका घोड्यानंही मत दिलं. घोडाही त्यांचा नव्हता, पाहुणा आलेला.

हुल्डाबाई: आणि दोष कुणावर टाकलाय?

इझ्रा: लिहिलंय, बायका टोप्या बदलून पुन्हा पुन्हा रांगेत आल्या. पण मी म्हणतो, सगळ्या बायकाच होत्या असं नाही.

हुल्डाबाई: नव्हत्याच. फेब्रुवारीत तुमच्या बहिणीचा निळा झगा माझ्याकडं शिवायला आला होता. दोन्ही काखांत टराटरा उसवलेला. बहीण तर तुमची काडी.

इझ्रा: (वर्तमानपत्राची घडी घालतात.)

हुल्डाबाई: नऊ महिने वाट बघतेय. आज बोलतील, उद्या बोलतील.

इझ्रा: दोनदा दिलं. एकदा माझं, एकदा झग्यातलं. सगळेच देत होते हो! कचेरी इथं आली तर शेताच्या कागदांपायी तुम्हाला चौदा मैल जावं लागणार नाही, एवढंच होतं मनात. देवाशपथ.

हुल्डाबाई: आली का कचेरी?

इझ्रा: कसली येतेय. मतदानच रद्द केलं.

हुल्डाबाई: म्हणजे माझं मत घालवलंत, आणि तेही माझ्यासाठी.

इझ्रा: येतो मी.

हुल्डाबाई: बसा. मी अजून नाही म्हटलेलं नाही.

इझ्रा: मग हो?

हुल्डाबाई: पुढच्या ऑक्टोबरात मतदानाला जा. तोच झगा घालून. खणखणीत सांगा, मी इझ्रा, माझं मत घ्या.

इझ्रा: हाकलून देतील! गाव हसेल!

हुल्डाबाई: हसू दे. हाकलल्यावर वाटेत कपडे बदलायचे नाहीत. तसेच इकडं या, आणि मग विचारा.

इझ्रा: त्या झग्यात?

हुल्डाबाई: उद्या आणून द्या. काखेत जरा सैल करून ठेवते.