सुपारी फुटायच्या आधी

— न्हाई न्हाई, शुगर न्हाई मला, नरसिंगराव. तुमी पोरीचे मामा, तुमाला आतल्यांनीच पाठवलं असंल मागं — जा, बघा, पोराचा चुलता घडीघडी उठून काहून जाऊन राहिला. व्हय ना? चहा आला तवा उठलो, पोरगी पोहे घेऊन आली तवा उठलो, अन आता सुपारी फोडायची तर पुन्हा उठलो. बरं दिसत न्हाई, मलाबी कळतं. पण हे मला इचारून येत न्हाई. जरा तोंड तिकडं करता का? त्या हळदीच्या ढिगाकडं बघा. कोणी बघत असलं की माझं होतच न्हाई.

प्रोस्टेट म्हणतेत त्याला. वय झालं की ती गाठ फुगती अन लघवीची वाट दाबती. शुगर असती तर सांगितलं असतं — शुगरला आता कोण लाजतंय, जिलेबी नको म्हणलं की झालं. हे कसं सांगावं? मी बायकोलाबी सांगितलं न्हाई. धरून ठेवायचो — जीपमंदी, बैठकीत, मयतीत. लघवी मागं तुंबली, किडन्यांवर ताण आला. म्हणून तर संभाजीनगरला मला पहिल्याच तपासणीत बाजूला काढलं, तुमची चालणार न्हाई म्हणले.

काय चालणार न्हाई? — काय न्हाई, असंच. बोलण्यात आलं.

बरं, ऐका आता. किडनी. विश्वंभरला द्यायची व्हती, माझ्या भावाला, पोराच्या बापाला. त्याचं पोटाचं आप्रेशन झालं म्हणून सांगितलं ना तुमाला? खोटं न्हाई ते. पोटातच बसवतेत. वहिनीची जुळंना, माझी नापास — न्हाई, इकत कशी घेणार, तो गुन्हा असतोय. घरातल्याचीच घेतली.

पोराची. कुलदीपची.

व्हय, तोच. आता आत पोहे खाऊन राहिला तो. एक हाये त्याला. तरी गेल्या हंगामात हळदीची पोती उचलली त्यानं — मी नको म्हणत व्हतो. डॉक्टर म्हणले, एकावर माणूस आयुष्य काढतो, पाणी प्यायचं, दुखण्याच्या गोळ्या मनानं खायच्या न्हाईत. अन तुमच्या मनात जे आलं ते मीबी इचारलं, सगळ्यांदेखत इचारलं, पोरगं खाली मान घालून बसलं व्हतं — लेकरंबाळं होतील का, बायकोजवळ काही कमी पडंल का? डॉक्टर म्हणले, त्याचा अन किडनीचा काई संबंध न्हाई. दोनदा म्हणले. मी बराबर ऐकलं न्हाई असं वाटलं असंल त्यांना.

पण गावात कोणाला सांगावं? एका सोयरिकीत सांगितलं, तर ते म्हणले पोरगं अर्धं हाये. अर्धं! बाप जिता केला त्यानं. मी सख्खा भाऊ असून मला जमलं न्हाई, अन त्याला ते अर्धं म्हणून उठून गेले. लई लागलं मला. तवापासून आमी ठरवलं, तोंड उघडायचं न्हाई. पोरगं म्हणत व्हतं, पोरीला मी सांगतो, तिला म्हाईत पाहिजे. आमी मोठ्या माणसांनी त्याला गप केलं. येताना जीपमंदीसुदीक मीच दम दिला त्याला — अन आता मीच तुमच्यापुढं बोलून बसलो.

रागावले का? रागवा. तुमची भाची हाये, तुमचा हक्क हाये. आत जा अन सांगा. मी आडवत न्हाई. फक्त एवढं करा नरसिंगराव — बापाच्या कानात सांगू नका. कानात सांगितलं की तुमी चौघंजण माना हलवताल, सुपारी ताटात राहील, अन पोरीला कळायचंबी न्हाई कशापायी मोडलं. वैष्णवीला समोर बसवा. तिला सांगा, अन मंग काय म्हणती ते ऐका. आमचं पोरगं तिच्या तोंडचा नकार ऐकून घेईल. तुमच्याकडून नको.

जा तुमी. न्हाई, माझ्यासाठी थांबू नका. माझं अजून व्हायचंय.