बारा डिस्क

कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे एक आजोबा उभे होते.

"मी स्वतः नातीच्या बारा व्हिडिओंच्या फाइली डिस्कवर टाकल्या, पण आमचा डीव्हीडी प्लेअर काही दाखवतच नाही."

"काका, नुसत्या कॉपी करून नाही चालत, फॉरमॅट बदलावा लागतो. द्या इकडे, नातीचे बाराही व्हिडिओ एकाच डिस्कवर बसवतो."

"छे छे, बारा डिस्क करा."

"अहो, दर वेळी उठून बदलत बसाल?"

"मी कशाला? आमची ही उठेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चाल, चाल म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतात, पण बाई ढिम्म हलत नाही. नातीसाठी मात्र उठेल."

"आणि तुम्हालाच उठवलं तर?"

"मी घोरत असेन."

"बरं, बारा करतो. आणखी काही?"

"वायर द्या, चांगली लांब. प्लेअर रोज वीतभर मागे सरकवायचाय."