श्री काढा, मग चालेल

...सोपं आहे म्हणे! अहो, कुणाला सोपं? तुम्हाला सांगतो, कंपनीच्या सूचनांत लिहिलंय, 'फक्त एक आज्ञा द्या, बाकी सगळं आपोआप होईल.' आपोआप! आमच्या लोणावळ्यात आपोआप फक्त वीज जाते!

काम काय, तर कामशेतला माझा मित्र दत्तोबा, त्याची भातगिरणी. तिथल्या भात वाळवायच्या यंत्राची आच सांभाळायला हा तळहाताएवढा लिनक्सवाला बोर्ड, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. त्यात प्रोग्राम घालायचा तर आधी माझ्या कॉम्प्युटरवर एसडीके बसवायचं, म्हणजे प्रोग्राम बनवायची सगळी हत्यारं. बसवलं. ओळीओळीवर बोट ठेवून बसवलं. तर पडद्यावर लाल अक्षरांचा पूर! आणि शेवटी सल्ला काय? 'आपलं वातावरण तपासा.' तपासलं! खिडकी उघडली, धुकं आत आलं!

तिकडून फोनवर दत्तोबा, "भाऊ, झालं न्हाई का अजून? लोकांचं भात हाय, वल्लं हाय, ढीग आतून तापलाय... कोंब फुटतील की वो!"

शेवटी बोर्डाच्या कंपनीला फोन. तिथला श्रीयश नावाचा विद्वान, आवाज कसा, पाकात घोळवलेला! "सर, सोपं आहे. एसडीके ठेवलंय त्या फोल्डरला नाव काय दिलंय?"

म्हटलं, "श्री."

आता नव्या कामाच्या माथ्यावर श्री नाही लिहायचं तर काय लिहायचं? आमच्याकडे वाणसामानाच्या चिठ्ठीवरसुद्धा आधी श्री, मग तूरडाळ!

"ते काढा सर. एसडीकेला देवनागरी झेपत नाही."

झेपत नाही! जगभरच्या हुशारांनी मिळून रचलेलं एवढं धूड, आणि एका श्रीला अडखळून तोंडावर पडतं? आणि सांगतोय कोण, तर श्रीयश!

काढलं. आणि... चाललं हो! कामशेतला गेलो, बोर्ड यंत्राला जोडला, हिरवा दिवा लागला, गरम वारा सुटला. दत्तोबाचा चेहरा असा फुलला... म्हणाला, "थांबा भाऊ, नव्या मशिनीला नारळ न्हाई फोडला."

"अहो, लांब... जरा लांब..." मी म्हणतोय तोवर फाट्‌दिशी! यंत्राच्याच कोपऱ्यावर, आणि पाणी बोर्डाच्या डोक्यावर! चर्र... दिवा गेला.

आतून काढलेला देव वरून शिरला!

पुन्हा श्रीयश. "तो बोर्ड आता कंपनीनं बनवायचा बंद केलाय सर. नवा घ्या. त्याचं एसडीके वेगळं आहे, पण सोपं आहे."

फोन ठेवला. दत्तोबानं तोवर गिरणीभर भात पसरलं होतं, वर पंखे लावले होते. माझ्या हातात फावडं दिलं आणि म्हणाला, "वरखाली करत ऱ्हावा भाऊ. सोपं हाय."