नाक माझं, मत पत्र्याचं

पण मी म्हणतो, निदान बायकोनं तरी खरं सांगावं की नाही? "झोपेत होईल हो! डोळे मिटायचे, उघडायचे, संपलं!" आणि मी, तुम्हाला सांगतो, विश्वास ठेवला! नाकातला पडदा वाकडा, डावी बाजू बंद, वर्षानुवर्षं तोंडानं श्वास घेतोय माशासारखा... म्हटलं, झोपेत होणार असेल तर होऊन जाऊ दे.

टेबलावर आडवा झालो, सुया टोचल्या, नाक बधिर झालं, मी डोळे मिटून झोपेची वाट बघतोय... झोप कुठली? कट्ट! आत काहीतरी मोडलं! ओरडलो, "डॉक्टर, मी जागा आहे!" तर म्हणतात, "असायलाच हवं. वाट किती मोकळी झाली ते बघायचंय ना! काकूंना सांगितलंय सगळं. त्याच म्हणाल्या, यांना सांगू नका, पळून जातील."

कट हो, घरात शिजलेला कट! नर्स म्हणते, "तुमच्या मुलीलाही माहीत होतं." मुलीला! आणि मला काय? झोपेत होईल!

मग नाकाखाली थंडगार, चकचकीत पत्रा धरला. "श्वास घ्या... सोडा." पत्र्यावर वाफेचे दोन डाग. उजवा हा एवढा थोरला, डावा टिकलीएवढा! पुन्हा कट्ट, पुन्हा पत्रा. नर्स म्हणते, "झाले सारखे." डॉक्टर म्हणतात, "छे, डावा अजून कमी." म्हटलं, "अहो, मला विचारा की! नाक माझं आहे!" "बरं, जातेय हवा?" आता बधिर नाकाला काय कळणार, कप्पाळ? "कळत नाही," म्हटलं. "म्हणूनच पत्र्याला विचारतोय!" मग मला जागं ठेवलंय कशाला? "श्वास घ्यायला, काका. मत द्यायला नाही."

आणि घरचे म्हणे, झोपेत होईल!

एकदाचे डाग सारखे झाले. नाकात बोळे कोंबले, बाहेर आणलं. दारात बायको, रडून डोळे लाल, लेक तिला धरून उभी. क्षणभर विरघळलो... पण नाही! म्हटलं, "तू बाझा विश्वासघात केलास!"

"बाजा? कसला बाजा?"

"बाझा! बाझा!"

"आई, बाबांना औषध चढलंय गं," लेक म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या!

दोन दिवसांनी बोळे निघाले, आणि काय सांगू, डाव्या नाकपुडीतून असा गार वारा आत शिरला... डोळ्यांत पाणीच आलं. पण राग पार शिळा झालेला. तरी घरी जाऊन, तिच्यासमोर उभं राहून, ठणठणीत म्हटलं, "तू माझा विश्वासघात केलास!"

तर टाळी वाजवून म्हणते, "अगं बाई! 'म' किती छान आला!"